तारेतली पत्रं

वाडा रिकामा करताना आत्याने माजघरातली पत्रांची तार माझ्या हातात ठेवली. खाली लाकडी चकती, वर आकडा, मधे घराची साठ-सत्तर वर्षांची ख्यालीखुशाली. म्हणाली, "तुला कागदांचं वेड ना? घे."

कार्डं-पाकिटं जमवणाऱ्या माणसाला ही तार बघून भोवळच येईल. कोपरा जरा दुमडला तरी भाव पाडणारी ही जमात, आणि इथे प्रत्येक कार्डाच्या पोटात आरपार भोक! असो. धर्माची गाय, तिचे दात कशाला मोजा.

आपल्याकडे पहिलं पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ला. किंमत पाव आणा, छापणारे लंडनचे डी ला रू. तिकिटांची छपाई नाशिकरोडला आली १९२५-२६मध्ये. आमच्या तारेच्या तळाशी निघालं ते त्यानंतरचं, एक साधं कार्ड. त्यावर पाचव्या जॉर्जचं नऊ पैचं हिरवं तिकीट. हे तिकीट १९३२मध्ये आधी लिथोने, म्हणजे सपाट पाटीवरून, निघालं आणि मग तेच उठावाच्या ठशानेही छापलं गेलं. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच. भिंगातून पाहिलं की ठशाची शाई दाबाने कडेला सरकून रेषेला गडद काठ धरते. लिथोची शाई एकसारखी, सपाट. मी तासभर पाहिलं. काठ आहे असं वाटलं. जेवून आल्यावर नाही असं वाटलं.

तिकिटाच्या कागदातच उमटवलेली चांदण्यांची नक्षी, म्हणजे वॉटरमार्क, बघायचा तर तिकीट पाण्यात घालून सोडवायला हवं. मग मागची शाई फुटणार आणि "म्हैस व्याली, पारडी आहे" ही बातमी कायमची वाहून जाणार. राहिलं तिथेच.

वरच्या टोकाला पंधरा पैशांची, वाघाच्या तोंडाची कार्डं होती. एका वाघाच्या मिशा कोरल्यासारख्या, दुसऱ्याच्या पुसट. हौशी माणसाला इथे लगेच 'नवा प्रकार' सापडतो. माझं मत विचाराल तर त्या दिवशी यंत्राला शाई कमी पडली, एवढंच.

पाकिटांचा वॉटरमार्क बघायला मात्र ती उजेडात धरावीच लागतात. कागद बनताना ओल्या लगद्यावरून तारेची नक्षी असलेला रूळ फिरतो. नक्षी दाबली जाते तिथे कागद पातळ राहतो आणि उजेड जास्त झिरपतो. कार्डाच्या जाड कागदात काही दिसत नाही. मी एक पाकीट खिडकीशी धरून आडव्या रेघा शोधत होते, तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली आणि हसायलाच लागली.

"आई अगदी अशीच उभी राहायची. माझी पत्रिका एका घरी पाठवली होती, तिकडचं उत्तर अण्णा यायच्या आधीच आलं. बंद पाकीट फोडायची काय बिशाद! धरलं उन्हात."

"दिसलं काही?"

"एकच शब्द. 'नाही'."

"अगं बाई!"

"पण 'पसंत नाही' की 'हुंडा नाही', ते घडीखाली गेलेलं. संध्याकाळपर्यंत दोघींनी पाळीपाळीने धरून बघितलं."

मी हातातलं पाकीट उलटं केलं. तारीख लागली नाही, शिक्का पुसट होता.

"हेच का ते?"

"बघू," म्हणत आत्याने चष्मा शोधायला घेतला.