बाळाचं इसब आणि आपलं डाळीचं पीठ

थंडी पडायला लागली की ओळखीतल्या नव्या आयांचे व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात. बाळाचे गाल लालभडक, त्यावर बारीक पुरळ, कुठेकुठे खरबरीत चट्टे, आणि खाली ठरलेला प्रश्न, "हे काय गं, घामोळं का? काय लावू?" माझ्या लेकीला चौथ्या महिन्यात हे सुरू झालं, नाशिकची कोरडी हवा, रात्रभर गाल खांद्यावर घासायची, झोप तिलाही नाही आणि आम्हालाही नाही. तेव्हापासून जे वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं ते प्रत्येकीला वेगवेगळं टाईप करण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते.

आधी हे इसबच आहे का ते बघा. तान्ह्या बाळाला ते गालावर, कपाळावर, डोक्यात आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतं, आणि गंमत म्हणजे लंगोटाची जागा बहुतेक वेळा स्वच्छ असते कारण तिथे ओलावा असतो. दोन वर्षांनंतर मग कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत सरकतं. फक्त डायपरच्या जागीच लाल असेल तर तो डायपर रॅश, त्याला वाइप्सऐवजी कापूस आणि साधं पाणी, थोडा वेळ उघडं ठेवणं आणि झिंक ऑक्साइडवाल्या क्रीमचा जाड थर एवढ्याने फरक पडतो (मांडीच्या घडीत लालभडक होऊन आजूबाजूला सुटे ठिपके पसरले असतील तर बुरशी असू शकते, ते डॉक्टरांना दाखवा). मान, पाठ, काखेत उकाड्याने उठतं ते घामोळं. आणि बाळासोबत घरातले सगळेच रात्री खाजवत असतील तर खरजेचा संशय घ्या, कारण खरूज असेल तर औषध अख्ख्या घराने एकाच वेळी घ्यावं लागतं.

इसब होतं कशामुळे, तर आपल्याकडे पहिलं बोट आईच्या खाण्याकडे जातं, वांगं खाल्लंस, आंबट खाल्लंस, दाणे खाल्लेस. मूळ भानगड बाळाच्या त्वचेतच असते. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं एक प्रोटीन असतं, काही मुलांमध्ये त्याच्या जीनमध्येच दोष असतो आणि त्याचा इसबाशी संबंध 2006 साली सापडला. म्हणून ज्या घरात दमा, सततच्या शिंका, लहानपणीचं इसब असा इतिहास आहे तिथल्या बाळांना हे जास्त दिसतं. कौलं सरकलेल्या घरासारखं समजा, आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचं नको ते सगळं आत येतं, आणि शाकारणी केल्याशिवाय आत कितीही पुसलं तरी उपयोग नाही. शाकारणी म्हणजे मॉइश्चरायझर. तेच पहिलं औषध आहे, वर लावायची शोभेची गोष्ट नाही.

आता डाळीच्या पिठाचं. आमच्याकडे मालिशला येणाऱ्या मावशी अतिशय मायेच्या, पाय पसरून त्यावर बाळाला घेऊन असं न्हाऊ घालायच्या की बघत राहावं. पण साबण नको म्हणून डाळीचं पीठ, हळद आणि साय, आणि पुरळ दिसलं तर जरा जास्त चोळायचं म्हणजे "आतली घाण निघते". मी म्हटलं, "मावशी, मालिश करा, अंघोळही तुम्हीच घाला, पण पीठ नको." त्यांना वाईट वाटलंच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आमची चारही पोरं ह्यावरच वाढली." खरंच आहे, वाढली, कारण त्यांची त्वचा धड होती. धड त्वचेवर पीठ लावलं तर फार तर कोरडं पडतं. फाटलेल्या त्वचेवर ते चोळलं तर दोन गोष्टी होतात, एक तर खरवडून अजून फाटते, आणि दुसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे खाण्याची वस्तू तोंडाऐवजी त्वचेतून शरीरात शिरते.

हे नीट सांगते कारण कुणीच सांगत नाही. बाळाचं शरीर जे पोटातून ओळखतं त्याला बहुतेक वेळा आपलं मानतं, आणि जे फाटक्या, सुजलेल्या त्वचेतून पहिल्यांदा भेटतं त्याला शत्रू समजायची शक्यता वाढते. 2003 साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ज्या बाळांच्या पुरळावर शेंगदाण्याचं तेल असलेली क्रीमं लावली होती त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त होती. जपानमध्ये तर गव्हाचं प्रोटीन घातलेला तोंड धुवायचा साबण वापरून 2000 पेक्षा जास्त लोकांना ॲलर्जी झाली, मोठ्या धडधाकट माणसांना, आणि ती नंतर गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावर उमटली. आपल्याकडे हरभऱ्याच्या डाळीची ॲलर्जी असलेली मुलं आहेतच. त्यामुळे इसब असलेल्या बाळाला बेसन, मसूरडाळ, दूध, साय, कणकेचा गोळा ह्यातलं काहीही चोळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाळीतल्या पहिल्या अंघोळीचं उटणंसुद्धा नको, सुगंधी असतं, जळजळतं. ओवाळा, कौतुक करा, तेलाचं बोट लावा, उटणं पुढच्या वर्षी.

तेल मात्र चालतं, फक्त कुठलं ते बघा. साधं, वासाचं काही न घातलेलं खोबरेल चांगलं, 2014 साली फिलिपिन्समधल्या मुलांवरच्या अभ्यासात सौम्य ते मध्यम इसबावर व्हर्जिन खोबरेल हे मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं होतं. ऑलिव्ह ऑइल लोक हौसेने परदेशातून आणून देतात पण त्यात ओलेइक ॲसिड खूप असतं आणि ते त्वचेचा थर अजून सैल करतं, मोहरीचं तेलही नको. आणि हात जोडून सांगते, खोबरेलात कापूर घालून लावू नका. खाजेवर हा उपाय घराघरात आहे, थंड वाटतं हे खरं, पण कापूर बाळाच्या त्वचेतून आत शोषला जातो आणि त्याने झटके येऊ शकतात. कडुनिंबाचं पाणी मी वापरलं नाही, उघड्या चट्ट्यांवर झोंबतं. बोरिक पावडर कुणाच्या कपाटात असेल तर फेकून द्या, आणि टाल्कम पावडर नाकातोंडात जाते, तीही नको.

अंघोळ रोज घातली तरी चालते, पाच ते दहा मिनिटं, पाणी कोमट. आपल्याकडे बाळाला कढत पाण्याने शेकून काढायची पद्धत आहे, बाळ लाल होऊन गाढ झोपतं आणि सगळे खूश होतात, पण इसबाच्या बाळाला ती झोप महाग पडते, गरम पाण्याने होतं नव्हतं ते तेल धुऊन जातं. साबणाऐवजी बिनवासाचा, बिनसाबणी क्लीन्झर, तोही मळ आहे तिथेच. मग मऊ पंचाने टिपायचं, पुसायचं नाही, आणि अंग जरा ओलसर असतानाच, साधारण तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर. आमचं बोअरचं पाणी जड म्हणून मी सॉफ्टनर बसवायच्या विचारात होते, पण 2011 साली इंग्लंडमध्ये इसबाच्या मुलांच्या घरी सॉफ्टनर बसवून बघितलं होतं आणि इसबात काही फरक पडला नव्हता, म्हणून तो खर्च केला नाही. अंघोळीच्या पाण्यात टाकायच्या महागड्या तेलांचंही तसंच, 2018 च्या ब्रिटिश ट्रायलमध्ये त्यांचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. ते पैसे मॉइश्चरायझरला ठेवा.

कारण मॉइश्चरायझर लागतं भरपूर. ब्रिटनच्या गाइडलाइनमध्ये इसबाच्या मुलांसाठी आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लिहिलंय, आणि आपण 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतो आणि म्हणतो गुण येत नाही. तान्ह्याला अंग कमी म्हणून कमी लागेल, पण डबा संपतोय ह्याचा आनंद मानायचा. महाग ब्रँड लागत नाही, साधी बिनवासाची पेट्रोलियम जेली उत्तम, ती जितकी चिकट तितकी चांगली, लोशन पातळ म्हणून थंडीत पुरत नाही. उन्हाळ्यात मात्र जेलीखाली घाम कोंडतो, तेव्हा क्रीम वापरा. दिवसातून दोनदा तरी, आणि गालांना प्रत्येक पाजण्याच्या आधी, लाळ गळते ना. एक मोठी काळजी, जेली लागलेले कपडे-दुपटी पटकन पेट घेतात, धुऊनही ती पूर्ण जात नाही. त्यामुळे शेक-शेगडी आणि ओवा-वेखंडाची धुरी बाळापासून लांबच, धुराने खाजही वाढते.

कपडे म्हणाल तर जुन्या सुती साड्यांची दुपटी, मलमलची झबली, ह्याला तोड नाही. लोकरीचं टोपडं थेट कपाळाला लागू देऊ नका, आतून सुती लावून घ्या. ट्रंकेत डांबरगोळ्यांत ठेवलेले जुने कपडे तसेच घालू नका, काही बाळांना त्या वासानेही कावीळ होऊ शकते. नखं बाळ झोपल्यावर कापा.

आता स्टिरॉइड. नाव काढलं की आया दचकतात, आणि दुसरीकडे त्याच घरात मेडिकलवाल्याने दिलेली "सगळ्यावर चालणारी" ट्यूब बाळाच्या गालावर बिनधास्त लावलेली असते. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा जबरदस्त ताकदीचं स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी भेळ असते, दोन दिवस गाल गोरेपान दिसतात आणि मग त्वचा पातळ पडते. 2018 साली सरकारने अशी बरीच स्टिरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली तरी मिळतातच. ह्याउलट डॉक्टरांनी बघून दिलेलं सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, सांगितलेल्या जागी, सांगितले तितके दिवस, हे भ्यायचं औषध नाही. उलट भीतीने अर्धवट लावून सोडलं तर इसब परत परत उसळतं आणि एकूण औषध जास्तच पोटी... म्हणजे अंगावर जातं. माप सोपं आहे, मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या (बोटांसकट) जागेला पुरते.

चट्ट्यांवर मधासारखी पिवळी खपली धरली, पाणी सुटलं, किंवा एकाएकी दुखरे एकसारखे बारीक फोड गुच्छाने उठले आणि बाळ मलूल झालं तर घरात काही लावत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. त्या फोडांमागे ओठावर येणाऱ्या तापाच्या फोडांचाच विषाणू असतो, म्हणून ज्याला असा फोड आलाय त्याने, मग ते लाडके मामा का असेनात, बाळाची पापी घ्यायची नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर पुरळ असो नसो, लगेच डॉक्टर. आणि दाबल्यावर फिके न होणारे जांभळे ठिपके असतील तर सरळ हॉस्पिटल.

राहिलं खाणं. आईचं पथ्य मी पाळलं नाही, डॉक्टरांनीच सांगितलं की ठरावीक पदार्थाने बाळाला स्पष्ट त्रास होताना दिसला तरच तो तपासून बंद करायचा, नाहीतर आईच अशक्त होते. आणि शेंगदाण्याचं तर सगळं उलटंच निघालं. लंडनमध्ये 640 बाळांवर, ज्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी होती अशांवर, अभ्यास झाला, 2015 साली छापून आला, त्यात ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा खायला दिला त्यांच्यात पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी टाळलेल्या मुलांपेक्षा खूपच कमी निघाली. म्हणजे अंगाला पीठ नको पण पोटात दाणा वेळेवर जाऊ दे. इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारून, गरज असेल तर तपासणी करून मगच. आमच्याकडे होकार मिळाल्यावर सहा महिन्यांनंतर दाण्याचं कूट अगदी बारीक वाटून, पातळ करून पेजेत थेंबभर घालून सुरू केलं, सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत हातात द्यायचा नाही, घशात अडकतो.