पावसाळ्यात हॉट-वायर घेऊन बसलो त्याची गोष्ट

माझं पीएचडीचं काम लो-प्रेशर टर्बाइनच्या पात्यांवर आहे, म्हणजे जेट इंजिनात मागच्या बाजूला असते आणि पुढचा मोठा फॅन फिरवते ती टर्बाइन. विमान उंचावर गेलं की हवा विरळ होते, रेनॉल्ड्स नंबर (हवेचा जोर तिच्या चिकटपणाच्या किती पट आहे ते सांगणारा आकडा) पडतो, लाखाच्या खालीसुद्धा जातो, आणि मग पात्याच्या फुगीर बाजूवरचा हवेचा थर सुटतो. परत चिकटला तर ठीक, नाही चिकटला तर एफिशियन्सी गेली. गंमत अशी की येणारी हवा थोडी खवळलेली असेल तर थर लवकर टर्ब्युलंट होतो आणि चिकटून राहतो, म्हणजे इथे टर्ब्युलन्स आपल्या बाजूने असतो.

कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये इनलेटला, म्हणजे हवा आत येते तिथे, १ टक्का टर्ब्युलन्स (वेगातली चढउतार सरासरी वेगाच्या किती टक्के, ते) घातला तर थर एका जागी सुटायचा, ५ टक्के घातला तर भलतीकडेच. सर म्हणाले, "चित्रं छान आहेत रे, पण आपल्या विंड टनेलात, पाती ठेवून वारा सोडतो तिथे, नक्की किती आहे ते मोजून आण."

आमच्या टनेलची हवा फारच शांत, म्हणून आधी जाळी हवी. गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडे ड्रॉइंग नेलं, ६ मिमीच्या पट्ट्या, ३० मिमीवर एक, उभ्या-आडव्या. तो म्हणाला, "खिडकीला एवढं बारीक ग्रिल कशाला घालता?" हवा मुद्दाम बिघडवायला म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतंय, पण काम एकदम चोख करून दिलं.

मग हॉट-वायर, म्हणजे हवेचा वेग मोजायची तापलेली तार. टंगस्टनची ५ मायक्रॉन जाडीची तार, सव्वा मिलिमीटर लांब, ती गरम करून एकाच तापमानाला धरून ठेवायची, हवा जेवढी जोरात तेवढा करंट जास्त लागतो आणि त्यावरून वेग काढायचा, किंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९१४ मध्ये मांडलेलं समीकरण आजही तेच वापरतात. पाऊस सुरू झाला की जो तो विचारायचा की एवढ्या दमट हवेत रीडिंग कसं येणार. दमटपणाने फरक पडतो पण किरकोळ, खरा वैताग तापमानाचा. हवा १ डिग्रीने बदलली तरी वेगात साधारण २ टक्क्यांची चूक येते, आणि आमच्याकडे बंद खोलीत ब्लोअर हवा तापवतो, मध्येच जोराची सर आली की खोली गार, त्यात लाईट गेली की सगळं परत सुरू करून स्थिर व्हायची वाट बघत बसा. शेवटी तारेशेजारी तापमान मोजायला थर्मोकपल लावलं, प्रत्येक रनच्या आधी आणि नंतर कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या वेगाशी तार ताडून बघायची, दोन्ही कर्व्ह जुळले नाहीत तर तो डेटा सरळ टाकून द्यायचा. जीवावर येतं पण दुसरा उपाय नाही.

स्पेक्ट्रम काढला, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती चढउतार आहे त्याचा आलेख, तर दोन सुळे. ५० हर्ट्झवरचा ब्लोअर बंद केला तरी तसाच, म्हणजे तो हवेतला नाही, वायरिंगचा; अर्थिंग नीट केल्यावर गेला. दुसरा २८८ वर, तो मात्र ब्लोअरबरोबर बंद व्हायचा. मोटर १४४० आरपीएमची म्हणजे सेकंदाला २४ फेरे, पंख्याला १२ पाती, गुणाकार करा. तो काढता येत नाही, फक्त ओळखून बाजूला ठेवायचा.

चवथीच्या सुट्टीत कॅम्पस रिकामा, पाऊसही थांबलेला, तेव्हा एक लांबलचक रन मिळाला आणि स्पेक्ट्रमच्या लॉग-लॉग आलेखावर वजा पाच-तृतीयांशाचा उतार आला, मोठ्या भोवऱ्यांतली ऊर्जा लहान भोवऱ्यांत कशी वाटली जाते ते सांगणारा, कोल्मोगोरोव्ह या रशियन गणितज्ञाचा १९४१ चा. पुस्तकात शंभरदा बघितलेला, पण आपल्या तारेतून आला की वेगळंच वाटतं, घरी फोन करून सांगितलं तर आई म्हणाली, बरं झालं, आता नेवऱ्या खायला ये.

यातून कळलेली कामाची गोष्ट म्हणजे जाळीमागे टर्ब्युलन्स झपाट्याने विरत जातो आणि भोवऱ्यांचा आकार वाढत जातो. मॉडेलमध्येही तसंच होतं, इनलेटला घातलेले ५ टक्के पात्यापर्यंत पोचताना निम्म्यावरही येऊ शकतात. म्हणून टक्केवारी आणि भोवऱ्याची लांबी दोन्ही पात्याच्या नाकाशी जुळतील असे इनलेटचे आकडे बसवायचे. तसे बसवल्यावर थर सुटायची जागा प्रेशर टॅप्सच्या (पात्यावरचा दाब मोजायच्या बारीक भोकांच्या) मोजमापाच्या बरीच जवळ आली. पण खऱ्या इंजिनात पुढच्या पात्यांचे वेकही, म्हणजे त्यांच्यामागे राहणारे खवळलेल्या हवेचे पट्टे, येऊन आदळतात, तसे वेक तयार करायला फिरत्या सळ्या हव्यात. ड्रॉइंग तयार आहे, कुंडईवाला आता काय विचारतो बघू.