ओढायचं की थांबवायचं?

"वढाले ते कोनबी वढी, पन रोकी कोन?"

नानांनी हे विचारलं आणि ट्रॅक्टरच्या शोरूममधला पोरगा गप्प झाला. तोवर तो जोरात होता. ५० एचपी, पॉवर स्टीअरिंग, १,८०० किलो उचलणारी लिफ्ट, वर डाऊन पेमेंटची स्कीम. आम्हीही माना डोलवत होतो, चहा तर दोनदा झाला होता.

नानांचं म्हणणं साधं होतं. साक्रीहून कोंडाईबारी घाट उतरताना मागे उसाची भरलेली ट्रॉली असते. तिला स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे चढावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो आणि उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. तेव्हा एचपीचं काय लोणचं घालायचं? तिथं कामाला येतं ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन, दोन्ही चाकांना सारखा लागणारा ब्रेक, आणि वरूनच टाकलेला खालचा गिअर. नाना तर जुना ट्रॅक्टर न्यूट्रलवर सोडणाऱ्याला शेतात पाय ठेवू देत नाहीत.

घरी येऊन वाचलं. अमेरिकेत लोक गाडीमागे फिरतं घर जोडून हिंडतात. तिथल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. आपली उसाची ट्रॉली त्याच्या कितीतरी पट भरते!

ट्रॅक्टर अजून ठरला नाही. ट्रॉलीला ब्रेक बसवायचा खर्च मात्र विचारून ठेवलाय.

तुमच्यापैकी कुणी बसवलाय का? कुठे, आणि उतारावर कसा लागतो?