चवडा ऑस्ट्रियात, टाच जर्मनीत

सीमारेषा म्हटली की इकडे आपण आणि तिकडे ते, एवढाच मामला असतो. ऑस्ट्रिया-जर्मनीची सीमारेषा मात्र एके ठिकाणी स्वतःलाच येऊन भिडते. झॉर्गश्रोफेन नावाचा 1,636 मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरून ही रेघ फुटते, युंगहोल्त्स नावाच्या गावाला पूर्ण वळसा घालते आणि पुन्हा त्याच माथ्यावर येते. जेमतेम तीनशे वस्तीचं हे गाव ऑस्ट्रियाचं, पण भोवताली सगळी जर्मनी. बाकीच्या ऑस्ट्रियाला ते चिकटलंय ते फक्त त्या माथ्यावरच्या एका बिंदूत.

बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. इथे तो खरोखरच डोंगरावर आहे आणि त्याची खूण म्हणून सीमेचा 110 क्रमांकाचा दगड आहे. समोरासमोर ऑस्ट्रियाचे दोन तुकडे, उरलेल्या दोन बाजूंना जर्मनी. आता जर्मनीला न शिवता ऑस्ट्रियातून ऑस्ट्रियात जायचं, तर नेमकं या बिंदूवरूनच जायला हवं. पण माणसाचा तळवा बिंदूपेक्षा रुंदच असणार! कितीही तोल सांभाळा, चवडा नाहीतर टाच परदेशात जाणारच. गावकरी अर्थातच असली कसरत करत नाहीत. गावात येणारा रस्ता जर्मनीतूनच येतो, ते गाडी काढतात आणि जातात.

हे असं झालं कसं? मला वाटलं होतं, एखादी लढाई, एखादा तह, निदान एखादा हट्टी राजा तरी सापडेल. सापडलं ते खरेदीखत. 1342 साली बव्हेरियातल्या वेर्ताखच्या मालकाने ही जमीन तिरोलच्या एका माणसाला विकली. नवा मालक तिरोलला सारा भरणारा, म्हणून जमीनही तिरोलच्या दप्तरी लागली. पुढे तिरोल ऑस्ट्रियात आणि बव्हेरिया जर्मनीत गेला, आणि बांधाची झाली आंतरराष्ट्रीय सीमा. आपल्याकडे सातबाऱ्यावरच्या एका नोंदीपायी भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, त्यात मग नवल ते काय?

व्यवहार मात्र शेजाऱ्याशीच. 1868 मध्ये जकातीच्या बाबतीत गाव जर्मनांच्या बाजूला जोडलं गेलं. युरो येईपर्यंत दुकानात ऑस्ट्रियाचा शिलिंग नव्हे, जर्मन मार्क चालायचा. पिनकोडही दोन, एक या देशाचा, एक त्या देशाचा.

असंच गणित नेदरलँड्समधल्या बार्ले गावाचं. तिथे बेल्जियमचे 22 तुकडे विखुरलेत आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे 7. मूळ 1198 सालचं. ब्राबांटच्या ड्यूकने ब्रेडाच्या सरदाराला जमीन दिली, पण कसलेली आपल्याकडे ठेवून पडीक तेवढी दिली. हिशेबी गृहस्थ! त्या शेतांचे तुकडे आज देश म्हणून मिरवताहेत आणि त्यातले दोन एकमेकांना टेकतात तेही असेच एका बिंदूत.

फुटपाथवर फरशीत पांढऱ्या फुल्यांची रांग बसवलेली आहे, एका अंगाला एनएल, दुसऱ्या अंगाला बी. ही रांग बिनदिक्कत घराच्या भिंतीत शिरते. घर कुठल्या देशाचं, हे पुढच्या दारावरून ठरतं. सीमेची मोजणी 1995 मध्ये कायम झाली, तेव्हा दार सरकवून देश राखल्याचा किस्सा तिथे सांगतात. दार नेमकं रेघेवर असेल तर घराला नंबर दोन. 2020 च्या कोरोनात तर एका कपड्यांच्या दुकानाचा बेल्जियममधला भाग बंद आणि नेदरलँड्समधला उघडा होता. मध्ये पट्टी लावलेली. पट्टीपलीकडचा माल डोळ्यांसमोर टांगलेला दिसायचा, पण विकत घ्यायची सोय नव्हती.