साच्यातली कपबशी आणि एव्हा झायझल

‘साच्यातून हजारोंनी निघणाऱ्या कपबशीला कला कसं म्हणायचं?’ मातीकाम शिकवणाऱ्या मला हा प्रश्न सतत विचारला जातो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून कारखान्यांसाठी भांड्यांचे आकार घडवणाऱ्या एव्हा झायझलबद्दल सांगते.

तिचा जन्म १९०६ सालचा, बुडापेस्टचा. चित्रकलेचं शिक्षण सोडून ती एका कुंभाराकडे उमेदवारीला राहिली. धुराडी साफ करणारे, कौलं घालणारे, विहिरी खणणारे आणि कुंभार अशा सगळ्यांचा तिथे एकच जुना संघ होता. त्यात कारागीर म्हणून दाखल झालेली ती पहिली बाई. पुढे जर्मनीतल्या श्रामबर्गच्या कारखान्यात तिने चाक सोडलं आणि कागदावर आकार काढायला घेतले.

हे वाटतं तितकं सोपं नसतं. पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओतली की प्लास्टर पाणी शोषतं, कडेला मातीचा थर धरतो, उरलेली माती ओतून देतात. भांडं साच्यातून अलगद सुटायला हवं, आणि भट्टीत ते आकसणार हेही आधीच धरून चालावं लागतं. एवढं सांभाळून कपाच्या कानात बोट सुखाने बसलं पाहिजे. हातांनी माती जाणल्याशिवाय असं रेखाटन जमत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

सोव्हिएत रशियात ती चिनी माती आणि काच उद्योगाची कलासंचालक झाली. १९३६ मध्ये स्टालिनच्या हत्येच्या कटाचा खोटा आरोप ठेवून तिला पकडलं. सोळा महिने कैद, त्यातला बराचसा काळ एकांतवासात. लोक तिची हीच गोष्ट जास्त सांगतात. मला तिची भांडी अधिक बोलकी वाटतात.

१९३८ मध्ये ती न्यूयॉर्कला पोचली, प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागली. १९४६ मध्ये तिथल्या आधुनिक कला संग्रहालयात तिच्या पांढऱ्याशुभ्र, नक्षीविरहित भांड्यांचं प्रदर्शन भरलं. पण तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर आहे ती रेड विंग कारखान्यासाठी तिने केलेली मीठदाणी-मिरीदाणीची जोडी. मोठी दाणी धाकटीला कुशीत घेऊन उभी आहे. दोघींच्या मधली रिकामी जागासुद्धा तिने घडवली आहे, आणि ती प्रत्येक जोडीत तशीच उतरते. इतकी माया कारखान्यातून घराघरांत पोचवणं ही कला नाही तर काय?

म्हातारपणी नजर अधू झाल्यावर ती नमुने हातांनी चाचपून दुरुस्त्या सांगायची. २०११ मध्ये, १०५व्या वर्षी ती गेली. शंभरी उलटल्यावरही तिची नवी डिझाइनं बाजारात येत होती.