उजवं मागचं दार

रात्री पावणेबाराला इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन बोलत होता. "काका, तुमच्या गाडीत कोणीतरी बसलंय."

खाली जाऊन पाहिलं तर कोणी नव्हतं. छताचा दिवा तेवढा लागला होता आणि त्या पिवळट उजेडात मागच्या सीटवरची आईची उशी पाठमोऱ्या माणसासारखी दिसत होती. चारही दारं उघडून पुन्हा लावली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार बाहेरून दाबून धरलं की दिवा जायचा, हात काढला की परत यायचा. एवढ्या रात्री दार दाबत किती वेळ उभं राहणार? छतावरचं बटण बंद करून वर आलो.

गाडी २००३ सालची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नाही आणि नाव काढलं की समोरचा "आमच्याकडे पण होती" म्हणून जो सुरू होतो तो थांबत नाही. पंधरा वर्षं झाल्यावर ग्रीन टॅक्स भरून तिचं पुन्हा रजिस्ट्रेशन केलं, तेव्हा घरात एकमत नव्हतं. त्यामुळे तिचं काहीही बिघडलं की मी आधी ते लपवतो. दिवा लपवता येत नाही, हीच पंचाईत. शिवाय ५ वॅटचा तो दिवा १२ व्होल्टच्या बॅटरीतून जेमतेम ०.४ अँपिअर ओढतो. एका रात्रीत काही होत नाही, पण चार दिवस गाडी हलली नाही की सेल्फ नुसता 'टक' म्हणतो आणि मग सगळ्या घराला कळतं.

नाक्यावरच्या वायरमनने खाली न वाकताच निदान केलं. "काका, डोअर स्विच गेलाय. नवीन मिळाला तर बघतो, नाहीतर लाइट कायमची बंद ठेवा. काय अडतं?"

अडतं ते आईचं. ती मागे डावीकडे बसते. रात्री आधी काठी आत ठेवायची, मग एक पाय, मग चप्पल कुठे गेली ते बघायचं, असा तिचा क्रम आहे. आणि गंमत म्हणजे नेमकं तिचं दार उघडलं की दिवा लागतच नव्हता. म्हणजे एक दार बंद केलं तरी दिवा जाईना आणि दुसरं उघडलं तरी येईना. दोन्ही दुखण्यांचं मूळ त्याच बोटभर बटणात.

ते बटण दाराच्या खांबाला एका स्क्रूने बसवलेलं असतं. त्याच्याकडे तार येते ती एकच. परतीची तार नसतेच, कारण बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं आणि सगळा पत्रा हीच परतीची वाट. आम्ही कोपरीत राहतो, गॅलरीतून लोकल दिसतात. तिथेही हाच प्रकार. डोक्यावर २५,००० व्होल्टची एक तार आणि परतीचा प्रवाह चाकांतून रुळात. दार उघडलं की बटण बाहेर येतं, आतली पट्टी पत्र्याला टेकते आणि दिवा लागतो. आमच्या जुन्या लिफ्टचं उलटं आहे: जाळी नीट बसून कॉन्टॅक्ट जुळल्याशिवाय ती जागची हलत नाही.

रविवारी पान्हा, स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपर घेऊन खाली उतरलो. पहिलाच स्विच काढला, तार सुटली आणि सुर्रकन खांबाच्या पोटात गेली. तारेला आधी दोरा बांधून ठेवायचा असतो, हे तेव्हा कळलं. लेंग्यात नाडी ओवताना आत गेलेलं टोक जसं शोधतात तसं, सायकलच्या स्पोकचा आकडा करून, पाऊण तास. वॉचमन टॉर्च धरून उभा होता आणि एक अक्षर बोलला नाही. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

आईच्या दाराचं बटण उघडलं तर स्क्रू गंजलेला आणि पितळी पट्टी हिरवी. लोखंडाला गंज चढतो, तांब्यापितळेला कळंक. आमच्याकडे खाडीचा दमट, खारट वारा दोघांनाही सारखाच लागतो. वर गेल्यावर पट्टी आईला दाखवली. "अरे, ही कळकली आहे," ती म्हणाली. कल्हई उडालेल्या पातेल्यात राहिलेल्या ताकाबद्दल ती हाच शब्द वापरायची. लगेच चिंचेचा कोळ द्यायला निघाली. पण चिंचेचं आम्ल फटीत राहिलं तर पितळ पुन्हा खाणार, म्हणून नुसता पॉलिश पेपर घासला, स्क्रूखालचा पत्रा चकचकीत केला आणि सगळं घट्ट बसवल्यावर वरून बोटभर व्हॅसलीन लावलं. दार उघडलं. दिवा लागला. आईने खुर्चीत बसावं तसं गाडीत बसून दाखवलं.

मग चारही बटणं शेजारीशेजारी ठेवली. काही गाड्यांत ही पुढच्या दोनच दारांना असतात, आमच्या गाडीत चारही. दार येऊन आपटतं ते बटणावरच्या रबरी टोपीवर. बायकोच्या बाजूची टोपी जरा झिजलेली. ती फ्रिज लावावा तसं दार लावते. आईची त्याहून बरी. उजव्या मागच्या दाराची तर काल दुकानातून आणावी तशी, कारण ते दार रहदारीच्या बाजूला उघडतं आणि मुलगी लहान असल्यापासून "डावीकडूनच उतर" हा आमच्या घरचा कायदा. आणि माझी? टोपी जाऊन खालचं प्लॅस्टिकही तिरकं घासलेलं. वीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला "दार आपटू नका हो, जुनी गाडी आहे" असं सांगत आलो तो मी. चारही बटणं पटकन मुठीत घेतली. बायकोने पाहिली नसावीत.

टायर फिरवतात तशी बटणं फिरवावीत, असं ठरवलं. उजवं मागचं चांगलं बटण माझ्या दाराला, माझं झिजलेलं तिकडे. जे दार कोणी उघडतच नाही त्याला कसंही बटण चालेल. सगळी दारं लावली. दिवा चालूच.

हे कळायला मला चहाचा अख्खा कप लागला. झिजलेलं बटण दार उघडल्यावर त्रास देत नाही, ते बंद दाराखाली पुरेसं दबत नाही. म्हणजे कायम बंद असणारं दार ही त्याच्यासाठी सगळ्यात वाईट जागा. वीस वर्षं न उघडलेलं दार उघडंच आहे, अशी गाडीची खात्री पटवून मी मोकळा झालो होतो.

शेवटी जुन्या स्लिपरच्या तळाचा नखाएवढा तुकडा कापला आणि बटण जिथे टेकतं तिथे दारावर फेविबॉण्डने चिकटवला. पहिला तुकडा जाड झाला, दार बसेना. दुसरा बरोबर बसला. दिवा गेला.

त्या रात्री साडेअकराला इंटरकॉम वाजला. "काका, गाडीत आज लाइट नाहीये," वॉचमन काळजीने म्हणाला. "बॅटरी गेली का?"