आईला लुंबिनी दाखवली: सोनौलीहून एका दिवसात

सोलापूरच्या आमच्या विहारातून दर एक-दोन वर्षांनी बस निघते. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती, आणि मधे एक दिवस नेपाळात जाऊन बुद्धांचं जन्मस्थान लुंबिनी. शेजारच्या मावशी दोनदा जाऊन आल्या. लुंबिनी कशी आहे विचारलं तर म्हणाल्या, "लई चांगली. पण तासाभरात परत गाडीत बसवलं. निम्मा वेळ तर चपला शोधण्यात गेला." आईनं ते ऐकलं आणि बसचं नाव टाकलं.

आई एकाहत्तर वर्षांची. चाळीस वर्षं मांडी घालून बिड्या वळल्या, त्यात दोन्ही गुडघे गेले. विहारात पण ती आता भिंतीला टेकून, पाय लांब करून बसते. तिला घाईनं कुठं न्यायचं म्हणजे न नेल्यासारखंच. म्हणून मी ठरवलं की गोरखपूरपर्यंत आपलं आपण जायचं आणि लुंबिनीच्या एका दिवसापुरती आपल्या दोघांसाठीच गाडी आणि गाइड करायचा. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ही जरा चैनच. पण बाकीच्या खर्चात हात आखडला.

गाइड शोधायला तीन आठवडे गेले. गोरखपूरच्या एका टूरवाल्यानं आधी पूर्ण पैसे मागितले, मी पावती मागितली, तर त्यानं फोन उचलणंच बंद केलं. दुसऱ्यानं दराचा तक्ता पाठवला. मी सगळ्यांना दोनच प्रश्न विचारत होतो: गाडी कुठपर्यंत जाते, आणि पायऱ्या किती आहेत? सीमेपलीकडच्या भैरहव्याच्या एका पोरानं उत्तर लिहिलंच नाही. दोन दिवसांनी त्याचा व्हिडिओ आला. लुंबिनीच्या गेटपासून बुद्धांच्या आईच्या, मायादेवीच्या मंदिरापर्यंत तो स्वतः फोन खाली धरून चालला होता, म्हणजे रस्ता कसा आहे ते दिसावं. मधे ई-रिक्षा कुठं सोडते ते दाखवलं, सावलीची बाकडी दाखवली आणि शेवटी म्हणाला, "आमा के लिए व्हीलचेअर मैं ले आऊँगा." त्यालाच काम दिलं. सीमेवरच्या सोनौलीच्या गेटपासून परत गेटपर्यंत, गाडी आणि तो मिळून साडेसहा हजार भारतीय रुपये. हजार आधी, बाकीचे संध्याकाळी.

कागदपत्रांची धास्ती मात्र मी उगाच घेतली. १९५० च्या तहामुळं आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवायचं. माझं कार्ड ठीक होतं. आईच्या कार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरं, फोटो तर असा की त्यात ती कोण आणि आत्या कोण ते सांगता येऊ नये. मग कळलं की पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना आधार चालतं. तरी दोन्ही घेतली, झेरॉक्सही काढल्या. नोटांबद्दल गाइडनं बजावलं होतं, शंभरच्याच आणा. बँकेतून शंभराची दोन बंडलं घेतली आणि आईनं ती औषधाच्या पिशवीत, गुडघ्याच्या पट्ट्याखाली ठेवली.

गड्ड्याची जत्रा उरकल्यावर, फेब्रुवारीत निघालो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, तिथं कुर्ला टर्मिनसला दिवस काढून कुशीनगर एक्स्प्रेस. गोरखपूरला उतरल्यावर प्लॅटफॉर्म संपेचना. आईनं विचारलं, "दुसरं स्टेशन आलं का काय?" एकेकाळी हा जगातला सगळ्यात लांब प्लॅटफॉर्म होता, आता तो मान आपल्या शेजारच्या हुबळीकडं, १५०७ मीटर. हे मी सांगितलं तेव्हा ती थांबून गुडघा चोळत म्हणाली, "मग हुबळीला नको जाऊ या."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला टॅक्सी. सोनौलीपर्यंत साधारण शंभर किलोमीटर. आमच्या ड्रायव्हरचं सगळ्या वाटेत एकच टुमणं: गाइड कशाला, मीच भन्सार भरून गाडी आत घेतो. भन्सार म्हणजे तिकडची जकात. भारतीय गाडी न्यायची तर ती दिवसावर भरावी लागते. पण गोरखपूरचा माणूस लुंबिनीतल्या अशोकाच्या खांबावरची अक्षरं कशी सांगणार? त्याला म्हटलं, तू इकडंच झोप काढ, संध्याकाळी भेटू.

सोनौलीच्या अलीकडं ट्रकांची ही रांग. उतरल्या उतरल्या एक माणूस चिकटला, "आजींचं परमिट काढावं लागेल, पाचशे." चालत जाणाऱ्या भारतीयाला असलं काही लागत नाही, हे मला ठाऊक होतं म्हणून बरं. मी सरळ सायकलरिक्षा केली. एसएसबीच्या, म्हणजे आपल्या सीमा दलाच्या जवानानं माझं कार्ड बघितलं, पिशवीत डोकावला, कडक भाकरीची चळत बघून हसला आणि हात हलवला. पलीकडच्या कमानीखालून रिक्षा गेली तेव्हा आईनं विचारलं, "आला का नेपाळ?" हो म्हटलं. "मग उतरव की."

आणि तिथं गाइड नव्हता.

मी ठरल्यापेक्षा पाच मिनिटं आधी, पावणेआठला पोचलो असं समजत होतो, कारण वेळ ठरली होती सात पन्नास. आम्हा कारखान्यातल्या लोकांना अशाच वेळा देता येतात. फोन लावावा तर कमान ओलांडताच माझं सिम गेलेलं. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर, तोही उघडेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी चहावाल्याच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं, त्यात आठ वाजून दहा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं, हे मी वाचलेलं होतं, पण वाचलेलं ऐन वेळी आठवेल तर ना. तो पोरगा त्याच्या सात पन्नासला येऊन, आम्ही दिसेना म्हणून गेटच्या भारताकडच्या बाजूला आम्हाला शोधायला गेला होता. परत आला तो खुर्ची ढकलत, घामाघूम. त्यानं आधी आईला वाकून नमस्कार केला. "आमा, माफ गर्नुस्." आईला ते नीट कळलं. आईचं आमा व्हायला काय वेळ लागतो?

तर हे पक्कं ध्यानात ठेवा: वेळ ठरवताना "तुमचे की आमचे" विचारायचं, आणि गाइडचा फोटो नि नंबर कागदावर घ्यायचा. दुकानांत आपले पैसे चालतात, भारतीय एक रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे. मार्च २०२४ पासून आपलं यूपीआय तिकडच्या क्यूआरवर चालतं, पण ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधीच चालू करून ठेवावे लागतात आणि नेट लागतं. मला ते दुपारी हॉटेलच्या वायफायवर जमलं. तोपर्यंत गुडघ्याच्या पट्ट्याखालच्या नोटाच कामी आल्या.

भैरहव्यातून पश्चिमेला वळलं की लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर. मराठी माणसाची एक मजा होते: सगळं वाचता येतं. दुकानांच्या पाट्या, मैलाचे दगड, गाड्यांचे नंबरसुद्धा देवनागरी आकड्यांत. आई तिसरीपर्यंत शिकलेली, बँकेतला फॉर्म मला भरायला लावणारी, इथं खिडकीतून एकेक पाटी मोठ्यानं वाचत होती. "पसल. पसल. काय असतंय रं पसल?" गाइड म्हणाला, दुकान. "मग आपल्या गल्लीत बी पसलच पसल." वाटेत ओल्या शेतात सारस पक्ष्यांची जोडी उभी होती, माणसाएवढी उंच. गाइडला वाटलं सोलापूरकडं असलं काही नसणार. त्याला नान्नजच्या माळढोकाची गोष्ट सांगितली. तो पक्षी मी स्वतः एकदाही बघितलेला नाही, हे सांगितलं नाही.

मायादेवी मंदिर बाहेरून साधं, पांढरं, चौकोनी. चपला बाहेर, फोटो काढायला बंदी. आत जुन्या विटांचे पाये उघडे ठेवलेत आणि त्यांच्या कडेकडेनं फळ्यांच्या वाटेवरून चालायचं. मधोमध काचेखाली एक दगड, जन्माची नेमकी जागा दाखवणारा, १९९६ साली उत्खननात सापडलेला. एरवी तिथं रांग पुढं ढकलत असते. गाइडनं आम्हाला बरोबर एक मोठा ग्रुप बाहेर पडल्यावर आत नेलं, दुसरा ग्रुप यायच्या आत. आई खुर्चीतून उठली, माझ्या खांद्याला धरून काचेवर वाकली. काही बोलली नाही. गाइडही बोलला नाही. त्याच्यासाठी पैसे देताना मला वाटलं होतं की आपण बोलण्याचे पैसे देतोय.

खरी गोष्ट बाहेर झाली, अशोकाच्या खांबापाशी. कठडा आहे, आत जाता येत नाही. खांब वरून मोडका, अंगावर उभी चीर, लोखंडी पट्ट्या आवळलेल्या. ह्यूएन त्संग आला तेव्हाच तो वीज पडून मोडलेला होता. गाइडनं कठड्यापाशी खुर्ची लावली आणि ब्राह्मी ओळींवर बोट रोखून सावकाश वाचायला लागला. "देवानपियेन पियदसिन लाजिन वीसतिवसाभिसितेन..."

आई दर रविवारी विहारात पाली म्हणते. त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा, सगळं पाठ. अर्थ विचारला तर हसते. पण ती एकदम म्हणाली, "थांब. वीसति म्हणजे वीस ना?" वीसच. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथं आला. पुढं: "हिद बुधे जाते साक्यमुनी ति." हे तर सांगावंच लागलं नाही. "इथं बुद्ध जन्मले," ती म्हणाली, आणि हात जोडले.

शेवटच्या ओळी: "लुंमिनिगामे उबलिके कटे अठभागिये च." गाम म्हणजे गाव, अठ म्हणजे आठ. लुंबिनी गावाची पट्टी माफ केली आणि पिकाचा आठवाच हिस्सा ठेवला, असा अर्थ लावतात. एरवी सहावा घ्यायची रीत होती. आईनं विचारलं, "आठवा म्हणजे हजारात किती?" मी फोन काढायच्या आत तीच म्हणाली, "सव्वाशे." जरा वेळ गेला. "मुकादम हजारातल्या दोन-दोनशे बिड्या वाईट म्हणून बाजूला काढायचा. पैसे न देता. सव्वाशेवर थांबला असता तर मी बी खांब उभा केला असता."

गाइडला हे हिंदीत सांगताना माझी तारांबळ उडाली. पण समजल्यावर तो असा हसला की पलीकडच्या थायलंडच्या भिक्खूंनी वळून बघितलं.

ही अक्षरं १८९६ साली खांबाभोवतीची माती काढल्यावर दिसली. तोवर गावातले लोक या जागेला रुम्मिनदेई म्हणायचे. एवढं सांगून गाइड बाजूला गेला आणि आम्ही पुष्करिणीच्या काठी पिंपळाखाली बसलो. किती वेळ? सव्वा तास. बसवाले तीन ग्रुप आले आणि गेले. आईनं पिशवीतून पांढरा रुमाल काढून डोक्यावर घेतला, बुद्धवंदना म्हटली, मग पाय लांब करून नुसतीच पाण्याकडं बघत बसली. मधेच म्हणाली, "बाबासाहेब आलते नेपाळला." हो, दीक्षेनंतर महिन्याभरात, नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूला, जागतिक बौद्ध परिषदेला. त्यानंतर काही दिवसांतच ते गेले. एवढंच बोलणं झालं.

दुपारी गाइड हॉटेलात घेऊन गेला. मी दाळ-भात-तरकारी घेतली. आईनं कडक भाकरी मोडून शेंगाचटणी काढली. गाइडनं चमचाभर भातावर घेतली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "धेरै पिरो!" पिरो म्हणजे तिखट. तरी आणखी एक चमचा मागितला. उरलेला डबा आईनं त्यालाच दिला.

मग मठांचा भाग ई-रिक्षातून बघितला. केन्झो टांगे या जपानी वास्तुरचनाकारानं १९७८ साली आराखडा पूर्ण केला, त्यानुसार मधे लांब कालवा आणि दोन बाजूंना बौद्धांचे दोन पंथ: पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायान. म्यानमारचं सोनेरी, कोरियाचं अवाढव्य, जर्मनीचं रंगीत चित्रांचं. खरं सांगायचं तर चौथ्यानंतर माझ्या डोक्यात सगळे एकमेकांत मिसळले, आणि आई रिक्षात डुलकी घेत होती. शांतिस्तूप राहिला. गाइड म्हणाला अजून वेळ आहे, आई म्हणाली पुरे. ग्रुपबरोबर असतो तर ते पुरे कुणी ऐकलं नसतं.

सोनौलीला परत पोचलो तेव्हा दिवे लागत होते. बाकीचे साडेपाच हजार मोजून दिले. खुर्चीचे वेगळे द्यायला लागलो तर घेईना, आईनंच दोनशे त्याच्या खिशात कोंबले. कमान ओलांडली, फोन थरथरायला लागला, कारखान्यातून नऊ मिस्ड कॉल. ड्रायव्हर सीट मागं पाडून खरंच झोपला होता.

सोलापुरात आल्यावर दोन दिवसांत विहारातल्या चार बायकांनी घरी येऊन गाइडचा नंबर मागितला. आईनं तो वहीत लिहून घेतला आहे, शेजारी "पंधरा मिनिटं पुढं" असंही लिहून. पण एका गाडीत तिघींच्यावर बसायचं नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलंय. पाय लांब करता आले पाहिजेत.